हिऱ्यावरची काजळी

माझं लिहिणं अशुद्ध हाय, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीपर्यंतच शाळा झाली, तेवढं सांभाळून घ्या.

माहेर वडवणीकडचं. आई-बाप ऊसतोडीला जायचे, मी पाचटातच वाढले, लग्नानंतरही कोयताच. उसाच्या फडाला जाळ लागला की आमी कुणाला विचारत बसत न्हाई, पळतो, पुढचा ऊस पाडतो, जाळाची वाट तोडतो. तीच सवय नडली.

गावातले दत्ताभाऊ सुरतेहून हिऱ्याचं काम शिकून आले, पत्र्याच्या शेडात लेझरची मशीन टाकली. कारखान्यात बनवलेले हिरे त्यावर कापायचे. मला म्हणाले, वहिनी, बसून काम हाय, येता का. मी खडे पट्टीवर चिकटवून द्यायची, कापणं भाऊंचं. एक दिवस त्यांना बाहेर जायचं होतं, म्हणाले, पडद्यावर नुसतं लक्ष ठेवा. काय दिसलं म्हणजे ठीक, ते लाजून विचारलंच न्हाई.

काय सांगू तुमाला, पडद्यावर पांढरा लखलखाट, आणि खडा वरून तव्यावानी काळा होत चालला. वाटलं जळाला, आता जळाला. मशीन बंद करायचं लाल बटण दाबलं आणि खडा उचकून काढला.

भाऊ आले, कपाळाला हात लावला. अहो वहिनी, कशाला काढला? तो काळा पडणारच. लेझरच्या उष्णतेनं हिऱ्याची वरची कातडी पेन्सिलीतल्या शिशावानी होते, ॲसिडात उकळली की निघते. त्यांनी खडा परत बसवला, पण काप केसभर सरकला आणि चीर आत गेली. उकळल्यावर काजळी निघाली, चीर न्हाई निघाली.

रातभर एकच विचार. काम गेलं तर परत ऊसतोडीच्या टोळीत, म्हणजे माझ्या पोरीची शाळा सुटली. सकाळी दारातूनच म्हणले, भाऊ, नुकसान पगारातून कापा, पण काढू नका. भाऊ म्हणाले, बसा, दर महिन्याला थोडं थोडं कापीन, पण मशीन चालू असली की हात मांडीखाली घेऊन बसा.

तशीच बसते. अजून लखलखाट झाला की मांडीखालचा हात बटणाकडं ओढ घेतो, मी नारायणगडाच्या देवाचं नाव घेते आणि खडा काळा होऊ देते. पोरगी शाळेत जाते, देव तिला सुखी ठेवो. परवा भाऊंनी पगार हातात दिला आणि म्हणाले, वहिनी, मोजून घ्या, या महिन्यात काही कापलं न्हाई, त्या खड्याचं तुमचं सगळं फिटलं.