भोसरीची उलटी पृथ्वी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि भूगोलाचे निवृत्त शिक्षक आदरणीय सदाशिवसर, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती सोपानराव, पहिल्या रांगेत बसून सगळ्या व्यासपीठावर लक्ष ठेवणाऱ्या त्यांच्या पत्नी शालनबाई, आणि चाकण-भोसरीहून शिफ्ट बदलून आलेल्या माझ्या रसिक बंधुभगिनींनो,

‘धरित्री व्हिडिओ’चे मालक सोपानराव आज निवृत्त होत आहेत. त्यांच्या स्वस्तातल्या सीडींसाठी विनोदी नाटुकली मी लिहिली. त्यामुळे त्यांच्याबद्दल चांगलं बोलायचं काम माझ्यावर आलं. मला याची सवय नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

मंडळी, माझं एखादं नाटुकलं कुणाला आठवतंय? राहू द्या, हात वर करू नका, मला घरी जाऊन जेवायचंय. पण प्रत्येक सीडीच्या सुरुवातीची ती फिरती पृथ्वी? बघा, सगळे हसले!

ती पृथ्वी म्हणजे प्लास्टिकचा चेंडू. रंगवला शालनबाईंनी. त्यावर भारत इतका ऐसपैस, की शेजारच्या देशांना उभं राहायला जागा नव्हती. सोपानरावांचं तेव्हा भोसरीत वर्कशॉप होतं. चेंडू उत्तर ध्रुवापाशी ड्रिल मशीनला अडकवला, मागे ग्राइंडरच्या ठिणग्या उडवल्या, शंख मिळेना म्हणून शेजारच्या कंपनीचा भोंगा घेतला. विश्वाची उत्पत्ती दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत उरकली.

एकच गोष्ट राहिली. ड्रिल फिरतं एकाच दिशेला, आणि खरी पृथ्वी बरोबर त्याच्या उलट. सदाशिवसर तेव्हा सोपानरावांच्या सीडीच्या दुकानात आले होते. मी साक्षीला होते.

“सोपानराव, तुमच्या पृथ्वीवर सूर्य पश्चिमेला उगवतोय!”

“व्हय सर. आमच्या पृथ्वीवर आमी सांगू तिकडनंच उगवनार.”

पुढे सीड्या खपू लागल्या, तशा नकली निघाल्या. नक्कल करणारे शिकलेले असावेत. त्यांनी पृथ्वी नवी काढली आणि नीट फिरवली. झालं! थेरगावच्या बाजारात गिऱ्हाईक सीडी आधी लावून बघायला लागलं. “दादा, गोळा उलटा फिरतोय ना? मग द्या.” चुकीलाच हॉलमार्क मिळालेला मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आता दुकान मोबाइलवर आलंय आणि ते सोपानरावांचे चिरंजीव सुजित सांभाळणार आहेत. सुजित इंजिनिअर. कॉलेजात मित्र त्यांना विचारायचे, “काय राव, तुझ्या पप्पांकडे आज कुठून उजाडलं?” ते मनात राहिलेलं. म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवर झकास पृथ्वी केली. ढग, समुद्र, दिशा, सगळं बरोबर. सोपानराव म्हणाले, “गोळा सरळ केलास, तर निवृत्तीच्या समारंभात मी शाल घ्यायचो न्हाई.” सुजित म्हणाले, “पप्पा, लोक हसतात.” त्यावर घरात अबोला. दोघांच्या मधून निरोप नेता नेता शालनबाईंचा घसा बसला.

आणि सुजितनी नवी पृथ्वी लावलीच. रसिकांनी काय केलं? तक्रारींचा पाऊस! “ही चोरीची कॉपी आहे.” “सोपानरावांना कळवा, कुणीतरी त्यांचं नाव वापरतंय.” खुद्द मालकाचा मुलगा स्वतःच्याच दुकानात चोर ठरला!

सोपानराव, असे खाली बघू नका. पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. जुनी टेप आता पार विटलीय. म्हणून काल सुजित मला आणि शालनबाईंना घेऊन भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये ती पृथ्वी पुन्हा चित्रित करायला गेले. माळ्यावरचा तोच चेंडू, शालनबाईंनी पुसून आणलेला. तिथल्या कारागिराने चेंडू अडकवला आणि म्हणाला, “साहेब, ह्या मशीनला रिव्हर्स आहे. पृथ्वी सरळ फिरवू का?”

सुजितनी मोबाइलचा कॅमेरा उघडला. मग म्हणाले, “नको भाऊ. आमची आहे तशीच फिरू दे.”

इथे मी टोमणा शोधत होते. सापडला नाही.

सदाशिवसर, शाल अजून तबकातच आहे आणि ती घालायचा मान अध्यक्षांचा. भूगोलाकडे आज जरा काणाडोळा करा.

संयोजकांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला शब्द जास्त लागला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

उठा सोपानराव, सर शाल घेऊन उभे आहेत.