मी ‘येते’ म्हणाले होते

माझा जन्म मासळीच्या टोपलीत झाला, हे आधी लिहून घ्या. आई भाईंदरच्या बाजाराला निघालेली, बसमध्येच कळा सुरू झाल्या, आणि मी बाहेर आल्या आल्या कंडक्टरनं माझं अर्धं तिकीट फाडलं, असं ती मरेपर्यंत सांगायची. आता तिच्या गोष्टीतलं निम्मं सोडून द्यायचं असतं, माझ्यातलंही सोडा, पण कोर्टाचं जे सांगणार हाय त्यातलं काय सोडू नका, ते सगळं कागदावर हाय, शिक्क्यासकट.

आमचं गाव चौक, उत्तनच्या पुढं, खाडीच्या तोंडावर. मी दारात उभी राहून हाक मारली की पलीकडं वसईच्या किल्ल्यावरचे कावळे उडतात. नवरा बोटीवर जायचा, तो म्हणायचा, हिरा, तू कुठंतरी आत बसून काम कर, तुझ्या आवाजानं मासे खोल जातात. म्हणून मी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात लागले. पॉलिश होऊन आलेल्या वाट्या फडक्यानं पुसायच्या, पोचा आलाय का बघायचं, डझनानं बांधायच्या. मुंगीनं पाय आपटला असेल एवढा पोचा मला डोळे मिटून कळायचा. एकोणीस वर्षं पुसल्या वाट्या, एकात एक ठेवल्या असत्या तर चौकापासून दिल्लीपर्यंत गेल्या असत्या, परत येताना चमचेही.

तर काय सांगू तुम्हाला, एक दिवस दुपारी शेजारणीचा फोन आला, तुझी सासू ओट्यावरून पडली, पाय हलत न्हाय. मी फडकं टाकलं, पिशवी घेतली, आमचे सुपरवायझर दिनेशभाई दारात होते, त्यांना म्हटलं, सासू पडली, येते हां दिनेशभाई, आणि पळाले. दोन दिवस इस्पितळात काढले. तिसऱ्या दिवशी गेटवर गेले तर वॉचमन म्हणतो, मौसी, आपका नाम कट गया. दिनेशभाई आले, माझ्याकडं न बघता म्हणाले, तूने खुद काम छोड़ा, सबके सामने बोल के गई. मी म्हटलं, मी कधी सोडलं, तर म्हणाले, ऊपर से लिख के आया है. आतली गोष्ट अशी, शेठना पॅकिंगचं काम ठेकेदाराला द्यायचं होतं, आणि आम्ही जुन्या बायका त्यांच्या वाटेत बसलेल्या.

काढलं म्हणाले असते तर मी चार शिव्या घालून मोकळी झाले असते. पण सोडून गेली म्हणाले, ते मला लागलं. त्याहून वाईट सासूचं झालं. ती म्हणायला लागली, माझ्या पायानं तुझी नोकरी खाल्ली. जेवण टाकलं तिनं. जी बाई एका बैठकीला अकरा बोंबील खायची, ती पेजेला तोंड लावीना. मला ती नोकरी परत पायजे होती ती तिच्या तोंडात घास जावा म्हणून, बाकी सगळं मागनं.

माझी जाऊ जेसल पार्कात मासळी विकते. तिच्या एका गिऱ्हाइकाची मुलगी वकील. त्या वकीलताईकडं गेले, म्हटलं, फी मी पापलेटात देईन. ती हसली आणि पहिलाच प्रश्न विचारला, मावशी, निघताना तुम्ही नक्की काय शब्द बोललात, आठवून सांगा. मी सांगितलं. तिनं तो शब्द वहीत लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. मला वाटलं हिला काय कळत न्हाय.

मग ठाण्याला कामगार अधिकाऱ्याकडं तारखा झाल्या, समेट करा म्हणून त्यांनी दोघांना बसवलं, कंपनीवाले ऐकेनात, म्हणून कामगार कोर्टात गेलो. अडीच वर्षं. कोर्टाच्या बाकड्यावर बसून बसून मी ते घासून चकाचक केलं, सवयच ना हाताला.

शेवटी दिनेशभाई साक्षीला उभे राहिले. माणूस वाईट न्हाय हां, नोकरदार. वकीलताईनं विचारलं, हिराबाई जाताना काय म्हणाल्या, त्यांचाच शब्द सांगा. ते म्हणाले, उसने येते बोला और चली गई. भाईंदरला किती वर्षं राहता, तर म्हणाले, बाईस साल. मग येतेचा अर्थ काय हो. दिनेशभाईंनी शेठकडं बघितलं, छताकडं बघितलं, घाम पुसला आणि म्हणाले, मतलब तो आती हूँ होता है, पर ये लोग जाते टाइम बोलते हैं. ताई म्हणाली, आमच्यात जाते म्हणून कोणी घराबाहेर पडत न्हाय साहेब. जज्जसाहेबांनी चष्मा काढला, आईशपथ, मी हसताना बघितलं त्यांना, आणि म्हणाले, मीही सकाळी येतो म्हणूनच निघालोय.

पण नुसत्या शब्दावर जिंकले असं न्हाय. साहेबांनी कंपनीला विचारलं, बाई आली न्हाय तर पत्र पाठवलंत का, न्हाय. आरोप लेखी दिला का, चौकशी केली का, नोटीस तरी, न्हाय, न्हाय, न्हाय. निकाल आला, हिला कामावर परत घ्या, मधली नोकरी तुटली असं धरू नका. मागचा पगार अर्धाच दिला, कारण मधल्या काळात काय करत होता असं विचारल्यावर मी खरं सांगितलं, जावेबरोबर मासळी विकली. आयुष्यात एकदा खरं बोलले आणि अर्धा पगार गेला. वकीलताई म्हणाली, खरं बोललात म्हणून बाकीचं टिकलं. तिचंच बरोबर.

निकालाचा कागद सासूपुढं धरला. तिला वाचता येत न्हाय, तिनं शिक्क्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, बोंबील आणलेस का.

आता कामावर हाय मी. दिनेशभाई आणि मी पहिला महिना बोललो न्हाय, मग एक दिवस त्यांनीच चहाचा कप सरकवला, विषय संपला. परवा पॅकिंगच्या एका पोरीच्या लेकराला ताप आला म्हणून ती रडत दाराकडं पळाली, तर दिनेशभाईंनी तिला अडवलं, कोरा कागद पुढं केला, बोलले, पहले छुट्टी का लिख, एक मेरे पास, एक तेरे पास. ती पिशवी आणेपर्यंत मी दोनदा लिहून दिलं, आणि त्यांनी खाली तारीख टाकून सही केली. ताईचं, साहेबांचं, सगळ्यांचं भलं होवो, पण त्या दिवशी मी हात जोडले ते या माणसाला. देव त्याच्या सहीला बळ देवो.