बेटावर जायचं कसं

कुवेतच्या व्हिसा केंद्रात पुस्तक उघडं ठेवून मी शेजारच्या कोकणी जोडप्याचं बोलणं ऐकत होतो. ऐकू नये, पण ऐकलं.

"अहो, ग्रीसच्या बेटावर विमानाने कशाला? सगळे बोटीने जातात."

"सफिया, तुझ्या अब्बांची होडी बुडाल्यापासून तू खाडीसुद्धा ओलांडली नाहीस. तुझ्या माहेरी जायला दाभोळहून फेरीबोट आहे, तरी आपण चिपळूणवरून वळसा घालतो."

"वळसा तुम्ही घालता. मी कधी म्हटलं?"

"म्हणत नाहीस, म्हणून तर घालतो."

"मला वाटायचं, तुम्हाला गाडी चालवायची हौस!"

"त्या खड्ड्यांतून? हौस?"

"मग आता म्हणते. बोटीची तिकिटं काढा."

"घाबरलीस तर?"

"हात धरा."

"लोक बघतील."

"बघू देत. माझे डोळे मिटलेलेच असतील."