नागरीकरणाची अंगाई

नाही हो मावशी, अंगाई नको — अंगाईनं तो टक्क जागा होतो आणि कंपनीत ऑडिटला आलेल्या माणसासारखा बघत राहतो तुमच्याकडे. त्याला झोपवायचं तर यातलं एक पुस्तक घ्यायचं आणि मोठ्यानं वाचायचं — हसू नका — बरं, हसा. माझ्या मैत्रिणीनं, सुखदानं तुम्हाला पाठवताना सांगितलं नाही वाटतं? पण तिला तरी मी कुठं सांगितलंय, की आमच्या सात महिन्यांच्या क्षितिजला शहरांवरची पुस्तकं ऐकल्याशिवाय झोप लागत नाही. हे झालं सासूबाईंमुळे. म्हणजे थोडं माझ्यामुळेही. तो पोटात होता तेव्हा त्यांचा सांगवीहून रोज फोन — गर्भसंस्कार कर, काहीतरी चांगलं मोठ्यानं वाच. चांगलं म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला वाटलं, स्तोत्रं सगळ्याच वाचतात, पोरगं ज्या शहरात वाढणार त्याचा जरा अभ्यास नको? तेव्हा आम्ही मारुंजीला भाड्यानं राहायचो, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलेलं, सलिल चाकणहून शिफ्ट करून आला की आडवा, आणि मी पोटावर पुस्तक टेकवून वाचतेय — सांडपाणी, स्थलांतर, चटई क्षेत्र निर्देशांक! लोकांची मुलं ओंकार ऐकून शांत होतात म्हणे. आमचं चटई क्षेत्र निर्देशांक म्हटलं की अंगठा तोंडात घालतं.

आता कुठलं कधी वाचायचं ते सांगते. हे निळं, चालण्यावरचं. लेखक म्हणतो, शहर पायी फिरल्याशिवाय कळत नाही. पटलं, पण त्यानं एकदा संध्याकाळी बाबागाडी घेऊन आमचा डांगे चौक ओलांडून दाखवावा आणि मग पुढचं प्रकरण लिहावं. शैली मात्र कशी एकसारखी, संथ — पान उलटायच्या आत याचे डोळे मिटतात, म्हणजे पुस्तक उत्तम. हे दुसरं, फ्लॅटमधल्या एकटेपणावर. शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही म्हणे! त्याला म्हणावं, ये आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर — परवा माझी भेंडी करपली तर तिसऱ्या मजल्यावरून उपाय आला. यावर क्षितिज कुरकुरतो, त्यालाही पटत नसणार. आणि हे लाल, कारखान्यांच्या गावांवरचं — यातला माणूस पानोपान व्यवस्थेविरुद्ध पेटून उठतो. आमचा माणूस आतल्या खोलीत आहे, घोरणं ऐकू येतंय ना? पेटायचं राहू दे, त्याला नुसतं उठवून दाखवा. पण खरं सांगू, मला आता कळेनासं झालंय — मी एखाद्या पुस्तकाला चांगलं म्हणते ते चांगलं आहे म्हणून, की मूल झोपतं म्हणून? कॉलेजात समाजशास्त्रात पहिली आले होते हो मी. आता माझी सगळी समीक्षा याच्या जांभईवर. या पिवळ्याचं चौथं प्रकरण तेवढं वाचायचं नाही, क्लिप लावून ठेवलीय. का म्हणजे — त्यात असं आहे, की शहरातली एक बाई नोकरीला जाते ती दुसऱ्या बाईच्या जिवावर, आणि त्या दुसरीची मुलं कोण सांभाळतं हे पहिली कधी विचारत नाही. म्हणजे आपण दोघी आहोत त्यात. मी विचारणारच होते हो! तुमची मुलं…? मोठी झाली? धाकटाही कंपनीत लागला? हुश्श — म्हणजे, छान झालं.

तर सोमवारपासून मला ऑफिस. रजा वाढवून वाढवून संपली. म्हणून आज ही परीक्षा — तो तुमच्या वाचण्यानं झोपला तर मी जाणार, नाही झोपला तर साहेबांना कळवून टाकणार, जमत नाही म्हणून. काय करणार, मूलच झोपत नाही! माझी तयारी आहे हं जायची. नवा डबा आणलाय, ओळखपत्राची दोरीसुद्धा धुतली. पण तो नाही झोपायचा, आधीच सांगते, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सासूबाईंनी वाचून पाहिलं, नाही झोपला. सलिलनं वाचून पाहिलं — सलिल झोपला. त्याला माझाच आवाज लागतो, आतून ऐकलेला ना. घ्या निळं, करा सुरू. चष्मा आणलाय? शब्द लावत लावत वाचलंत तरी चालेल, घाई नाही, सावकाश — तो झोपणारच नाहीये.

हं… ‘नागरीकरणाच्या प्रक्रियेत’ — हो, बरोबर — पुढे… हं…

थांबा. मावशी, थांबा ना जरा. क्षितिज? ए राजा? इकडे बघ, आई — बघ ना —

अहो, पण अजून परिच्छेदसुद्धा पुरा झाला नाही! आणि तुम्ही स्वल्पविरामाला थांबतच नाही, लेखकाला तिथं थांबायचंय, काहीतरी विचार केला असेल ना त्यानं… नाही, वाचता चांगलंच, मी कुठं काय म्हणतेय. आवाजही चांगला आहे. द्या, पुस्तक द्या इकडे. नाही, चहा राहू दे आता, गॅसचा आवाज होतो. असं करा मावशी, सोमवारी नका येऊ. मंगळवारीही नको. सुखदाला मी सांगते, तुमच्याकडे तो झोपलाच नाही म्हणून — आणि जाताना दार हळू ओढा, उठेल तो.