शेगडीचे गोळे

दिवाळीतल्या गायगोधनाला, म्हणजे गाई पुजून खाऊ घालायच्या दिवशी, कुणी त्यांना अख्खा हिवाळा खाऊ घातलाय का? आम्ही घातला.

अचलपूरजवळच्या आमच्या गावी सासूबाईंना दमा होता. शेगडीत गोवऱ्या पेटवल्या की धुराने जीव कासावीस व्हायचा आणि नाही पेटवल्या तर थंडीने. म्हणून यांनी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मुद्दाम गवत लावलं. ते वाळवून, कुटून, सरकीच्या ढेपेत, म्हणजे गुरांच्या पेंडीत, मळून आम्ही गोळे वळले. धूर अगदी थोडा व्हायचा. गायगोधनाच्या दिवशी हिवाळाभराचे गोळे अंगणात वाळत घालून आम्ही देवळात गेलो.

परतलो तर अंगणात गावच्या गाई आणि त्यांना चारणारा गोवारी. एकही गोळा शिल्लक नव्हता.

"वहिनी, गाईले ढेपीचे लाडू! असं घर गावात दुसरं नाई."

"अबे, ते जाळाले केले होते!" हे ओरडले.

"ढेप कोनी जाळते का, भाऊ?"

यांनी काठी उचलली. सासूबाईंनी हात धरला. "आज गाईवर काठी नोको उगारू, बाबू."

"माय, तू हिवाळा कसा काढशीन?"



दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेगडीत गोवऱ्या पेटवल्या आणि सासूबाई खोकत उठून बसल्या.