रुफिनोला दिलेला सल्ला

मेक्सिकोतल्या वाहाका शहरात, बसथांब्यावर माझ्यापुढे वैद्यकीय कॉलेजातले दोघे उभे होते, नायेली आणि उलिसेस.

नायेलीनं विचारलं, “मक्याचे तमाले विकणारा रुफिनो आठवतो? सहा महिन्यांपूर्वी आपल्या दवाखान्यात नसबंदीचं विचारायला आला होता.”

“हो, मीच परत पाठवला.”

“का?”

“अगं, मग पुरुषात काही उरत नाही. म्हटलं, बायकोचं करून घे.”

“चौथ्या वर्षाला आहेस तू. असं काही होत नाही, शिकलोय आपण.”

“शिकलोय गं. पण तू करशील अशा माणसाशी लग्न?”

“त्याच्या बायकोचं हृदय कमजोर आहे. तिला भूल झेपणार नाही, म्हणून तो आला होता.”

“मला नाही बोलला.”

“तू विचारलंस?”

उलिसेस बस येतेय का ते बघू लागला.

“आज सकाळी तिला भरती केलंय,” नायेली म्हणाली. “पाचवा महिना आहे, आणि धाप थांबत नाहीये.”

“कुठल्या वॉर्डात?”

बस आली. दोघांपैकी कुणीच चढलं नाही.