दुसऱ्या मशीनचं पाणी

...आणि वर साहेब म्हणतात कसे, "एवढंच तर सांगायचंय कॉम्प्युटरला!" एवढंच? अहो, तुम्हाला सांगतो, एकोणीस वर्षं मी या कारखान्यात पाणी खेळवतोय, मशीन तापू नये म्हणून कुठली नळी कुठे वळवायची ते माझ्या बोटांना ठाऊक, आणि आता म्हणे मी नुसता एक भरीव ठोकळा काढायचा, पाणी इथून आत, इथून पहिल्या मशीनला नि तिथून दुसऱ्या मशीनला बाहेर, एवढं दाखवायचं, पंपावर कमीत कमी भार पडेल असे आतले रस्ते तोच खोदणार, नको ते तोच बुजवणार... आणि जमलं त्याला, तर? "तर तुमची काय गरज?" साहेब हसत हसत म्हणाले हो. म्हणजे माझा खड्डा मीच खणायचा, तोही मापात.

बसलो. ठोकळ्याचे बारीक बारीक तुकडे पाडले, दहा लाख. पाण्याचा जोर भरला. किती भाग पोकळ ठेवायचा, तीस टक्के, तेही भरलं. चालू केलं की लाल अक्षरात शिवी. पुन्हा भरा. मागून साहेब, "अजून नाही? एवढंच तर सांगायचंय." चार दिवस! शेवटी चाललं, आणि बघतो तर काय, पठ्ठ्याने सगळं पाणी पहिल्या मशीनला नेलं, दुसऱ्याची वाट चक्क बुजवली. का? तर दोन्हींना निम्मं निम्मं पाणी हवं हे मी सांगितलंच नव्हतं, आणि त्याला जवळची वाट सोपी. एक ओळ राहिली होती. लिहिली का? छे. म्हटलं होऊ दे याची फजिती, माझी खुर्ची तरी वाचेल.

साहेबांनी चष्मा पुसला. "पंपावरचा भार निम्म्यावर आला?"

"आला, पण दुसरं मशीन कोरडं..."

"म्हणजे त्याची गरजच नाही. अहो, मलाही कधीपासून तेच वाटतंय. एवढंच तर सांगायचं होतं मला कोणीतरी."

आता दुसऱ्या मशीनवर कोण? माझा सख्खा मेव्हणा. मीच चिकटवलेला. तोंड उघडावं तर चूक माझी, मग खुर्ची कुठली राहते... गिळलं आपलं.

सोमवारी मशीन बंद, मेव्हणा घरी. म्हणजे माझ्या घरी, बायकापोरांसकट. जेवताना विचारतो, "भाऊजी, त्या मेल्या कॉम्प्युटरला असं सांगितलं तरी कोणी असेल हो?" मी भात वाढला. आणि आमची ही त्याला म्हणते, "रडतोस काय? एकोणीस वर्षं नोकरी कशी टिकवली, शीक जरा भाऊजींकडून."

आता काय शिकवू त्याला?